मेणावरचा एस

चारही एस सरळ उभे होते. बर्नाडीनने ते पाहिले आणि तिची बस चुकली. म्हणजे बस आली, पुढ्यात थांबली, दार उघडलं, ड्रायव्हरने दोन क्षण वाट पाहिली आणि म्हाताऱ्या बायकांचं काही सांगता येत नाही अशा चेहऱ्याने दार लावून घेतलं. बर्नाडीनचं लक्षच नव्हतं. थांब्याच्या काचेवर एक मोठं चित्र लावलं होतं. चित्र कसलं, एक शब्द. मिसिसिपी. इंग्रजीत तो लिहायचा तर अकरा अक्षरं लागतात आणि त्यातले चार एस. कागद फाडून, कपट्याला कपटा जोडून केलेली ढोबळ अक्षरं. जवाच्या पाकिटाचा तपकिरी रंग, लोण्याच्या वेष्टनाचा चंदेरी, औषधाच्या घडीपत्रिकेवरची मुंगीएवढी छपाई. खाली नाव, इरेना प्रुखनिक, आणि त्याखाली प्रदर्शन भरलेल्या ग्रंथालयाचा पत्ता. नाव वाचायची बर्नाडीनला गरज नव्हती. कडेला पांढरी किनार सुटेल असा कागद फाडणारी सगळ्या बफेलो शहरात एकच बाई होती, आणि ती मार्चमध्ये वारली. प्रश्न तो नव्हता. प्रश्न हा होता, की हे चार एस सरळ कोणी केले?

कारण इरेनाला एस कळत नसे. बर्नाडीनला आपल्या घराचा नंबर जितका पक्का ठाऊक होता तितकंच हेही पक्कं ठाऊक होतं. एकोणसत्तर साली दोघी एकाच सोमवारी वर्तमानपत्राच्या पेस्टिंग खात्यात, छापण्याआधी मजकुराचे कागद पानावर चिकटवायच्या कामाला लागल्या. दोघी एकोणीस वर्षांच्या, दोघी पोलिश वस्तीतल्या, दोघींच्या डब्यात कोबीच भरलेला. फोरमन हेक हा ढेरपोट्या माणूस प्रत्येक नव्या पोरीची एक परीक्षा घ्यायचा. मथळ्याच्या कागदातून कापलेला मोठा एस हातावर ठेवायचा आणि विचारायचा, "बोल पोरी, याचं डोकं कुठलं?" एस दोन्हीकडून सारखाच, असं जगाला वाटतं. तसा तो नसतो. वरचं वळण थोडं लहान असतं, खालचं थोडं मोठं, म्हणून तो बसलेला दिसतो. "माझ्यासारखा," हेक पोटावर हात फिरवत म्हणायचा. "डोकं लहान, पोट मोठं. उलटा केलात तर तोंडावर पडेल." बर्नाडीनने एका नजरेत सांगितलं. इरेनाने एस घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला आणि उलटा धरून म्हणाली, "असा?" सगळं खातं हसलं. मथळ्यांच्या टेबलाशी एकच खुर्ची रिकामी होती, ती बर्नाडीनला मिळाली. इरेना गेली छोट्या जाहिरातींकडे, हरवलेली मांजरं आणि भाड्याच्या खोल्या चिकटवायला. दुपारी डबा खाताना बर्नाडीन म्हणाली होती, "अगं, दिसत कसं नाही तुला?" इरेनाने खांदे उडवले. "नाही दिसत. काय करू? तू आहेस ना."

तू आहेस ना. चोवीस वर्षं बर्नाडीन होती. छोट्या जाहिरातींवर मोठ्या अक्षरांचं काम आलं की इरेना तिच्या टेबलाशी येऊन नुसती उभी राहायची, आणि बर्नाडीन पात्याच्या टोकाने एस उचलून, फिरवून, परत दाबायची. मेणाचा तोच फायदा. कागदाच्या पाठीला गरम मेणाचा हात फिरवायचा आणि पानावर ठेवायचा. चुकलं तर उचला, सरकवा, पुन्हा ठेवा. डिंकाचं तसं नाही. खात्यात म्हणच होती, मेण म्हणजे विचार चालू आहे आणि डिंक म्हणजे विचार संपला. बर्नाडीनला हा अधिकार आवडायचा. स्वतःशी कबूल करायची तिला लाज वाटत नसे. तिच्या आयुष्यात इतर कुणी तिच्यापाशी येऊन, हे बरोबर आहे का गं, असं विचारत नव्हतं. नवरा, रे, तर तिने केलेली बटाट्याची भाजीसुद्धा आधी हुंगायचा. पण अक्षर तिला कळायचं. शहर सकाळी चहाबरोबर जे वाचतं ते सरळ आहे की नाही हे तिला कळायचं. एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर ती ताठ मानेने चालायची, आणि ज्याच्याजवळ एकच गोष्ट असते त्याची मान जरा जास्तच ताठ असते.

पुढची बस आली तेव्हा मात्र ती चढली. बाजारात जायचं होतं, राय धान्याचा पाव आणि लोणचं आणायचं होतं, पण ती रस्ता ओलांडून उलट्या दिशेच्या बसमध्ये बसली, ग्रंथालयाच्या. खिडकीबाहेर ऑक्टोबरचं करडं सरोवर अधूनमधून दिसत होतं. कोण असेल? तिच्या डोक्यात एकेक बाई येत होती आणि ती प्रत्येकीला नापास करत होती. शेजारची ती दात नसलेली हेलन? तिला स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही. चर्चमधली ऑर्गनवाली? तिचे डोळे गेलेत. की कोणी नवीनच, शिकलेली, तरुण, जी गुरुवारी इरेनाच्या घरी मागच्या दाराने आत यायची आणि बर्नाडीनच्या खुर्चीवर बसून पात्याचं टोक एसखाली सरकवायची? मेलेल्या बाईचा मत्सर करायला माणसाला किती खाली यावं लागतं! पण मत्सर मेलेल्या बाईचा नव्हताच. तो त्या दुसरीचा होता, जी कोण होती ते ठाऊक नव्हतं, आणि जिला इरेना म्हणाली असेल, मला नाही दिसत, तू आहेस ना.

त्र्याण्णव साली संगणक आले आणि पेस्टिंग खातं एका दुपारी बंद झालं. मेणाचं यंत्र, उताराची टेबलं, पाती, सगळं मागच्या आवारात काढून ठेवलं आणि त्यावर पाऊस पडला. त्याच हिवाळ्यात रे फ्लोरिडाला भावाकडे म्हणून गेला आणि तिथलाच झाला. बर्नाडीनने जेवण सोडलं असं म्हणता येणार नाही. तिने ते विसरायला सुरुवात केली. गादीवर पडून छताकडे बघायचं, हिटरचा खडखडाट ऐकायचा. मग एक दिवस दरवाजा उघडून इरेनाच आत आली, पायातले बर्फाचे बूटही न काढता. "ऊठ. गुरुवार आहे. सूप केलंय." सात गल्ल्या चालवत नेलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुठ्ठा पसरलेला, आणि त्यावर कागदाच्या कपट्यांनी बनवलेलं एक वेडंविद्रं नाव होतं, रोझॅन, इरेनाच्या मुलीचं, आणि इंग्रजीत त्यात येणारा एस उलटा. प्रत्येक अक्षर वेगळ्या पुठ्ठ्यावर जोडून, कापून, मग मेणाने ठेवलेलं. "बघ गं जरा," इरेना पाठमोरीच म्हणाली, पातेल्यात डाव फिरवत. बर्नाडीनने पाहिलं. तिच्या बोटांनी तिला न विचारता एस उचलला, फिरवला, दाबला. मग तिने दोन वाट्या सूप घेतलं, जवाचं आणि मशरूमचं, आणि घरी जाऊन महिन्यात पहिल्यांदा झोपली.

मग दर गुरुवार. इरेना आठवडाभर कपटे जमवायची. बसची जुनी तिकिटं, बेकरीच्या पिशव्या, चर्चची साप्ताहिक पत्रकं, बियाण्यांची पाकिटं, कुणाच्या तरी लग्नाचं निमंत्रण. शब्द अगदी साधे असायचे. हाऊस. स्नो. सिस्टर. डिशेस. आता बसमध्ये बर्नाडीनच्या लक्षात आलं, की प्रत्येकात एस होता. इंग्रजीत एस कुठे नसतो, तिने स्वतःला समजावलं. बारा वाजता मागचं दार उघडून इरेना अंगणात ओरडायची, "सूप!" एवढंच. कुत्र्याला हाक मारावी तसं. आणि फाटकाशी आधीच येऊन उभी असलेली बर्नाडीन, आत्ताच पोचले अशा आवाजात म्हणायची, "आले, आले! गल्ली जागी करशील." आत गेल्यावर आधी पुठ्ठा. आधी एस. मग जेवण. एस फिरवून झाला की इरेना डिंकाची बाटली काढायची आणि सगळं पक्कं करून टाकायची. दहा वर्षांत एकदाही तिने बर्नाडीनच्या आधी डिंकाला हात लावला नाही.

आणि मग तो शुक्रवार. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, मांस वर्ज्य, म्हणून चर्चच्या सभागृहात तळलेल्या माशांचा बेत, भिंतीशी एका टेबलावर इरेनाचे शब्द मांडलेले. ग्रंथालयातली एक बाई हाऊससमोर थांबली आणि म्हणाली, "काय नजर आहे हो तुमची! अक्षरं कशी जिवंत बसलीत." इरेना लाजली. तिने फक्त बर्नाडीनकडे बघायला हवं होतं, एवढंच. पण तिने खाली मान घातली आणि ती स्तुती सगळीच्या सगळी घेतली. बर्नाडीनच्या हातात माशाची ताटली होती. ती मोठ्याने म्हणाली, पाच टेबलांना ऐकू जाईल अशी, "नजर? हिची? बाई, हिला एस उलटा की सुलटा तेसुद्धा कळत नाही. चौतीस वर्षं झाली, हिचा एकेक एस मी सरळ करतेय. मी नसते तर हिचं सगळं घर तोंडावर आपटलं असतं." कोणीतरी हसलं. इरेनाने वर पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बर्नाडीनला पुढची अकरा वर्षं सोपी गेली असती. राग नव्हता. काहीतरी बोलायला तोंड उघडावं आणि मग, जाऊ दे, म्हणून मिटावं, तसं होतं. "खरंय," इरेना म्हणाली. "ही नसती तर खरंच काही नसतं." आणि ती शब्द एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली. पुढच्या गुरुवारी बर्नाडीन गेली नाही. इरेनाने हाक मारायला यायला हवं, असं तिला वाटलं. इरेनाला काय वाटलं ते देव जाणे. सात गल्ल्या. एवढ्या अंतरात आयुष्याची एक आख्खी संध्याकाळ बसते. बर्नाडीन एका गोष्टीवर तगून राहिली, की तिकडे इरेनाच्या टेबलावर आता सगळे एस तोंडावर पडलेले असतील. उलटे एस डिंकाने पक्के होत असतील, आणि कधीतरी कोणीतरी बघेल, आणि विचारेल, ती दुसरी बाई कुठे गेली? मार्चमध्ये अंत्यविधीला ती मागच्या बाकावर बसली आणि प्रसाद घ्यायच्या आधीच उठून आली. तेव्हाही तिच्या मनात हेच होतं. म्हणायला लाज वाटते, पण होतं.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर फारसं कोणी नव्हतं. एक म्हातारा, एक आई आणि ढकलगाडीतलं झोपलेलं मूल. भिंतींवर शब्द. बर्नाडीनने कोट काढला नाही. आधी जुने आले, तिच्या वेळचे. हाऊस, स्नो, डिशेस. तिच्या ओळखीचे एस, तिने बसवलेले, पोट खाली घालून गप बसलेले. प्रत्येकाखाली साल होतं. मग दोन हजार तीन संपलं आणि चार सुरू झालं. तिने चष्मा पुसला. सॉल्ट. सरळ. बस. सरळ. सप्टेंबर, सरळ. ख्रिसमस, दोन एस, दोन्ही सरळ. मिसिसिपी दोन हजार पाच सालचं होतं आणि इतकं मोठं की त्यापुढे मागे सरकून उभं राहावं लागत होतं. चार भरीव, बसके, डोकं लहान पोट मोठं असलेले एस, अगदी हेकच्या परीक्षेला बसवावेत असे. तिने एकेकाच्या वळणाखाली मेणाचा डाग, उचलल्याची खूण, काही सापडतं का पाहिलं. काही नाही. पहिल्याच फटक्यात ठेवलेले आणि पक्के केलेले. कोणाचा तरी हात फार सराईत होता. ही जी कोण होती ती बर्नाडीनपेक्षा चांगली होती, आणि हे कळायला लागणारी नजर फक्त बर्नाडीनजवळ होती. नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसे तिचे डोळे चुरचुरले.

"चोचा? चोचा बर्नी?"

चोचा म्हणजे पोलिशमध्ये मावशी. अशी तिला हाक मारणारं जगात एकच माणूस होतं. रोझॅन जाड झाली होती, केस आखूड कापले होते, पण हनुवटी आईचीच. तिने बर्नाडीनला कोटासकट मिठी मारली. "आलीस! मी पत्र पाठवणार होते गं. मग म्हटलं, नको, तुला राग आला तर."

"मला कशाचा राग?" बर्नाडीन म्हणाली. "छान लावलंयस सगळं." मग तिला राहवलं नाही. "शेवटी शेवटी तिच्या मदतीला कोण यायचं?"

"मदतीला? आईच्या? टेबलाला हात लावलेला चालायचा नाही तिला. मी कप ठेवला तरी ओरडायची."

"तसं नाही. एस कोण बघायचं?"

"एस?"

"सरळ कोण करायचं, रोझॅन? तुझ्या आईला एस दिसायचा नाही."

रोझॅन हसली. वाईट मनाने नाही. जुनी गंमत आठवली की हसतात तसं. "अगं, आईला एस दिसायचा नाही? रस्त्याने चालणं मुश्कील करायची. 'ती पाटी बघ, एस पालथा पडलाय. ते दुकान बघ, आठाचा आकडा उलटा टांगलाय.' मी लहान होते तेव्हापासून. उलटा ती फक्त बुधवारी ठेवायची, रात्री झोपायच्या आधी. तुझ्यासाठी." ती थांबली. "मला वाटायचं तुम्हा दोघींचा तो खेळच आहे. तुला माहीत होतं ना?"

"न माहीत असायला काय झालं," बर्नाडीन म्हणाली.

"तेच ना. एकदा मी विचारलं, असं का करतेस? तर म्हणाली, 'बर्नीला काहीतरी दुरुस्त करायला मिळालं की ती जेवते.'"

ढकलगाडीतलं मूल जागं झालं आणि रडायला लागलं. बर्नाडीनला ते बरं वाटलं; थोडा वेळ कोणी बोलू शकत नव्हतं. ती मिसिसिपीकडे बघत राहिली आणि तिला दिसत होते ते हेकचे जाड हात, आणि त्या हातातून एस घेणारी एकोणीस वर्षांची मुलगी. घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला. दोनदा का फिरवला? ज्याला दिसत नाही तो एकदा फिरवून थांबतो. त्या सोमवारी बर्नाडीनचे वडील गिरणीच्या अपघातातून उठले नव्हते आणि बसमध्ये सगळा वेळ ती हुंदके गिळत होती, आणि शेजारी बसलेल्या, तोवर अनोळखी असलेल्या ह्याच मुलीने तिला अर्धं सफरचंद दिलं होतं. मथळ्यांच्या टेबलाशी एकच खुर्ची रिकामी होती. नाही. तेव्हासुद्धा नाही. तेवढं तरी आपलं असावं. ती विचारणार कोणाला? जिला विचारायचं तिला मातीत ठेवून सात महिने झाले, आणि त्या आधी अकरा वर्षं सात गल्ल्यांवर होती तेव्हा विचारलं नाही. एका माणसाने दुसऱ्याला जन्मभर मोठं होऊ द्यावं आणि दुसऱ्याने पाच टेबलांना ऐकू जाईल असं ओरडून ते परत करावं, ह्याला काय म्हणतात, ते तिला कुठल्याच अक्षरांत मांडता येईना. आणि खरं सांगायचं तर तिला पश्चात्ताप नंतर झाला. आधी आला तो रागच. भीक घातली मला. चोवीस आणि दहा, चौतीस वर्षं भीक घातली, वर सूप पाजलं, आणि मी ताठ मानेने हिंडले.

"ये, शेवटचं दाखवते," रोझॅन म्हणाली आणि तिचा कोपर धरून कोपऱ्यात घेऊन गेली. "हे टेबलावर होतं, ती गेली तेव्हा."

लहान चौकट होती, डब्याच्या झाकणाएवढी. चार अक्षरं. सूप. इंग्रजीत पहिलं अक्षर एस. एस जवाच्या पाकिटाचा होता.

"याची एक गंमतच झाली," रोझॅन सांगत होती. "बाकीची तिन्ही अक्षरं डिंकाने पक्की केलेली, आणि एस तेवढा नुसता मेणावर. तोही उलटा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. हात थरथरायचे तिचे शेवटी, चूक झाली असेल. माझ्या तर ध्यानातही आलं नाही, पण चौकटी करणारा माणूस भारी हुशार. त्याने बघितल्याबरोबर ओळखलं. म्हणाला, 'ताई, हे अक्षर पालथं आहे, असं लावलंत तर लोक हसतील.' त्यानेच सरळ करून पक्कं चिकटवलं. बरं केलं ना? तू असतीस तर तूही तेच केलं असतंस."

बर्नाडीन वाकली. काचेच्या आत एस नीट बसला होता, डोकं लहान, पोट मोठं. त्याच्या कडेला पुठ्ठ्यावर एक तेलकट, फिकट सावली होती, केसभर तिरकी. मेण जिथे आधी होतं तिथे. मेण म्हणजे विचार चालू आहे. तिचा हात खिशातून बाहेर आला आणि काचेला टेकला. मग तिने बाकीची अक्षरं पाहिली, एकेक, खात्यात पहायची तशी. ओ या अक्षरालाही डोकं आणि पाय असतात, फार थोड्यांना ठाऊक आहे. ओ बरोबर होता. यू बरोबर होता. पी सरळ उभा होता. तिने पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिलं. दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.

"बरं केलं त्याने," ती म्हणाली.

"खाली चहा ठेवलाय, आणि खसखशीचा केक," रोझॅन म्हणाली. "काही तरी खाऊन जा ना, चोचा. बारा वाजून गेले."

"नको गं," बर्नाडीन कोटाचं वरचं बटण लावत म्हणाली. "मी जेवून आलेय."